गोक्योची सरोवरे : मुक्कामांचा हिशेब आणि चालण्याची रीत

नेपाळच्या खुंबू भागात, एव्हरेस्टच्या तळाकडे जाणाऱ्या गजबजलेल्या वाटेच्या पश्चिमेला, गोक्यो नावाचे एक चिमुकले गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 4,790 मीटर उंचीवर, एका निळ्याहिरव्या सरोवराच्या काठाला ही वस्ती टेकलेली आहे. तिच्या खाली दोन सरोवरे आहेत, उंबऱ्याशी तिसरे आणि वर आणखी तीन. सप्टेंबर 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्यांची नोंद झाली. गावात दोन-तीन रात्री मुक्काम ठोकून वरची सरोवरे एकेका दिवसात पाहून परतता येतात, आणि या लेखात त्याच पद्धतीचा विचार केला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सह्याद्रीत तयार झालेल्या भटक्याला ही वाट अवघड वाटणार नाही. नळीची वाट चढून हरिश्चंद्रगड गाठणाऱ्याच्या पायांना येथे विशेष काही करावे लागत नाही. दोर नाही, कातळ नाही आणि वाट मळलेली आहे. धोका नेमका त्यामुळेच वाढतो. दम चांगला असलेला माणूस भरभर चढतो, आणि विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला लागणारा वेळ मात्र व्यायामाने कमी होत नाही. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. वाटेवरचे नामचे बाजार हे गाव तिच्या दुपटीहून उंच आहे आणि गोक्यो जवळजवळ तिप्पट. गोक्योत हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू, समुद्रकाठच्या तुलनेत निम्म्याहून थोडाच अधिक असतो. त्यामुळे या भटकंतीचा आराखडा किलोमीटर पाहून न आखता, रोज रात्री आपण किती उंचीवर झोपणार यावरून आखावा.

मुक्काम कसे ठरवावेत

पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम असा आहे की 3,000 मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढावी. दिवसा याहून उंच जाऊन यायला हरकत नाही, किंबहुना त्याचा फायदाच होतो. वाचायला सोपा असलेला हा नियम गोक्योच्या दरीत पाळणे मात्र कठीण जाते, कारण येथे वाट थोड्या अंतरात फार उंची गाठते. नामचेहून निघालेला तगडा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोक्योत चहा पीत बसू शकतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला पाठीवर घालून खाली न्यावे लागते.

लुक्ला हे विमानतळाचे गाव 2,860 मीटरवर आहे. पहिला मुक्काम थोडे उतरून फाकदिंगला, 2,610 मीटरवर करावा. दुसऱ्या दिवशी मोंजो येथे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या चौकीवर नोंद करून, दूधकोशीवरचा उंच झुलता पूल ओलांडून नामचेची चढण लागते. ती साधारण 600 मीटरची, एकसलग आणि कंटाळवाणी आहे. फाकदिंग ते नामचे ही झोपण्याच्या उंचीतली उडी 830 मीटरची होते. ती वाटेत कोठे फारशी तोडता येत नाही, म्हणून तिची भरपाई नामचेत दोन रात्री राहून करायची. मधल्या दिवशी खोलीत पडून राहू नये. स्यांगबोचेच्या पठारापर्यंत, म्हणजे सुमारे 3,780 मीटरपर्यंत चढून, तासभर तेथे रेंगाळून परत यावे.

नामचेनंतर बहुतेक गट थेट डोले गाठतात. त्याऐवजी खुमजुंगला एक रात्र काढावी असे मी आग्रहाने सांगेन. हे गाव 3,780 मीटरवर आहे. हिरव्या छपरांची घरे, बटाट्याच्या शेतांना घातलेले दगडी गडगे, एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने 1961 मध्ये सुरू झालेली शाळा आणि शेजारच्या खुंदे गावातले 1966 चे रुग्णालय हे सगळे दुपारच्या फेरफटक्यात पाहून होते. दुसऱ्या दिवशी मोंग ला ही सुमारे 3,970 मीटरची खिंड ओलांडायची, फोर्त्से थांगापर्यंत नदीकडे उतरायचे आणि पुन्हा चढून डोलेला, साधारण 4,100 मीटरवर मुक्काम करायचा. मिळवलेली उंची उतरून घालवताना जिवावर येते, पण त्यात शरीराचे काहीच नुकसान होत नाही. वाटेत डॅनफे पक्षी दिसण्याची शक्यता बरीच असते. नेपाळचा हा राष्ट्रीय पक्षी पाहावा आणि फोटोसाठी त्याच्या मागे धावू नये, कारण या उंचीवर पन्नास पावले धावल्याची किंमत दहा मिनिटे धापा टाकून मोजावी लागते.

डोलेहून माछेर्मो, 4,470 मीटर. अंतर अर्ध्या दिवसाचे आहे, त्यामुळे दुपारच्या जेवणालाच माणूस पोहोचतो आणि 'आता बसून काय करायचे, पुढे सरकू' हा विचार डोक्यात येतो. येथे सरकू नये. माछेर्मोला दोन रात्री राहावे. मधल्या दिवशी गावामागच्या धारेवर तीन-एकशे मीटर चढून यावे आणि बाकीचा वेळ उन्हात पाठ शेकत घालवावा. चौथ्या-पाचव्या सरोवराची सफर सुखाची होते ती या एका दिवसाच्या जोरावर. ज्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस नाही, त्यांनी ती पत्रिका बदलून घ्यावी किंवा आयोजक बदलावा.

डोकेदुखी लपवू नये

आमच्या गटातल्या एका मित्राने माछेर्मोच्या आदल्या संध्याकाळी जेवण अर्धे टाकले. विचारल्यावर 'डाळीत मीठ जास्त आहे' म्हणाला. डाळ तीच आम्ही सगळ्यांनी दोनदा मागून घेतली होती. सकाळी त्याच्या बुटाची नाडी बांधायला त्याला फार वेळ लागतो आहे हे आमच्या वाटाड्याच्या लक्षात आले. तो काही बोलला नाही. जेवणघराच्या लाकडी जमिनीवर दोन फळ्यांमधली सरळ फट होती. तिच्यावरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत भिंतीपर्यंत चालून दाखव, एवढेच त्याने सांगितले. चौथ्या पावलाला मित्राचा तोल डावीकडे गेला आणि त्याने शेगडीजवळच्या बाकाचा आधार घेतला. तो आणि वाटाड्या वीस मिनिटांत उताराला लागले. नदीकाठी फोर्त्से थांगापर्यंत उतरल्यावर त्या रात्री तो नीट जेवला, आणि नंतर त्याने कबूल केले की डोके दोन दिवसांपासून ठणकत होते, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणून तो गप्प राहिला होता.

ही तपासणी प्रत्येकाने शिकून घ्यावी. 2,500 मीटरच्या वर डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. अशा वेळी आहे तेथेच थांबावे आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत वर जाऊ नये. थांबूनही त्रास वाढला तर खाली उतरावे. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, वागण्यात विचित्रपणा ही मेंदूला सूज येत असल्याची चिन्हे आहेत. बसल्या जागी धाप लागणे, थांबत नसलेला खोकला, गुलाबीसर फेसाळ थुंकी ही फुप्फुसांत पाणी साचत असल्याची. या दोन्ही अवस्थांत सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असली तरी सोबत देऊन उतरवायचे असते, आणि आजारी माणसाला कधीही एकटे पाठवायचे नसते.

अॅसिटाझोलामाइड हे औषध, ज्याला सगळे डायमॉक्स म्हणूनच ओळखतात, शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी ते सर्वसाधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. ते घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास त्यांना तसे आवर्जून सांगावे, आणि बोटांना मुंग्या येणे व वारंवार लघवीला लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत हे ठाऊक ठेवावे. लॉजमध्ये लसणाचे सूप उंचीवरचा उतारा म्हणून मिळते. गरम पाणी पोटात जाते म्हणून ते जरूर प्यावे, पण त्याच्या भरवशावर एक मुक्काम गाळू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र पूर्ण टाळाव्यात. रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबल्यासारखा होऊन एकदम जोरात सुरू होतो. या उंचीवर तसे अनेकांना होते, घाबरू नये.

पहिल्या सरोवरापासून गावापर्यंत

माछेर्मोहून निघाल्यावर पांगा या वस्तीच्या पुढे दरी अरुंद होते आणि फेसाळत उतरणाऱ्या प्रवाहाशेजारून दगडी पायऱ्यांची उभी चढण लागते. ती संपली की जमीन एकाएकी सपाट होते आणि पहिले सरोवर समोर येते. ते लहान आहे. आपण उगाच एवढे चढलो का, असे वाटून जाते. दुसरे मोठे आहे. तिसरे, दूध पोखरी, दिसते तेव्हा त्याच्या काठावर गोक्योची घरे आणि मागे हिमशिखरे एकाच नजरेत येतात.

पाण्याचा तो रंग आकाशाच्या प्रतिबिंबाचा नव्हे. हिमनदी खडकावरून सरकताना त्याचे पिठासारखे बारीक चूर्ण करते, ते पाण्यात तरंगत राहते आणि त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश आपल्याला निळाहिरवा दिसतो. सरोवरांच्या पूर्वेला राखी रंगाच्या दगडगोट्यांचा लांबच लांब बांध दिसतो. तो नगोझुम्पा या नेपाळमधल्या सर्वांत लांब हिमनदीने रचलेला आहे. हा बांध आणि पश्चिमेचा डोंगर यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात ही सरोवरे साठली आहेत. बांधावर चढून हिमनदी जरूर पाहावी. ती पांढरीशुभ्र असेल अशी कल्पना करून गेलेल्यांची निराशा होते, कारण बर्फ दगडमातीच्या थराखाली दडलेला असतो आणि मधूनच दगड गडगडल्याचा आवाज येतो. बांधाची आतली कड मात्र भुसभुशीत आहे, ढासळते. तिच्यापासून चार हात दूर उभे राहावे.

या पाण्यात उतरू नये, हात-पाय धुऊ नयेत, काठावर साबण काढू नये. शेर्पा लोकांसाठी ही सरोवरे पवित्र आहेत आणि हिंदूंसाठीही. काठावर छोटे देऊळ आहे आणि जनै पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्या दिवशी, भर पावसाळ्यात यात्रेकरू येथे स्नानाला येतात. त्यांचे स्नान श्रद्धेचे असते. आपल्या डुबकीचा व्हिडिओ त्यात मोडत नाही. पाण्यावर चक्रवाकांची जोडी दिसली तर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल, कारण भिगवणला हिवाळ्यात येणारा पक्षी तोच.

वरच्या सरोवरांचा दिवस

गोक्योत पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सर्वांत लांबची सफर करावी असा मोह होतो. रात्र बरी गेली असेल, सकाळी भूक लागली असेल आणि डोके हलके असेल तरच निघावे. नाहीतर त्या दिवशी तिसऱ्या सरोवराच्या काठाने फेरी मारणे पुरेसे आहे.

निघायचे ते पहाटे साडेपाच-सहाला. दुपारकडे दरीतून ढग वर चढतात आणि वारा सुटतो, त्यामुळे जे पाहायचे ते अकराच्या आत. गावातून उत्तरेला जाणारी वाट बांध आणि डोंगर यांच्या मधून जाते. दीड-दोन तासांत चौथे सरोवर, थोनाक, लागते. सहांमध्ये हे सर्वांत मोठे, आणि माझ्या मते सर्वांत देखणेही. डावीकडचे कडे थेट पाण्यात उतरलेले आहेत, माणसांची ये-जा थोडी आहे. ज्यांना उंची जड जाते त्यांनी येथूनच समाधानाने परतावे.

पाचवे सरोवर, नगोझुम्पा त्शो, सुमारे 5,000 मीटरवर आहे आणि तेथवर पोहोचायला गावापासून साडेतीन-चार तास धरावेत. चढ फारसा नाही, पण शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या दगडांवरून पाय जपून टाकावे लागतात आणि वाट दगडांच्या लहान लगोऱ्यांवरून ओळखावी लागते. धुक्यात त्या दिसत नाहीत. म्हणून या टप्प्यावर वाटाड्या हवा, आणि ढग खाली आले तर मागे फिरायचे हे आधीच ठरलेले हवे. सरोवराजवळच्या उंचवट्यावरून पूर्वेला एव्हरेस्टचा माथा आणि समोर 8,188 मीटर उंचीचे चो ओयू दिसते. वाटेत टपरी नाही, आडोसा नाही. उकडलेले बटाटे, अंडी, चिक्की, दीड-दोन लिटर पाणी, वारा अडवणारे जाकीट आणि कपाळावरची विजेरी सोबत असावी. अकरा वाजता जेथे असू तेथून परत, मग पाचवे सरोवर शंभर पावलांवर का असेना. सहाव्याचा नाद एका दिवसाच्या सफरीत धरू नये.

गोक्यो री ही गावामागची 5,357 मीटरची टेकडी वेगळ्या दिवसासाठी राखावी. तिसऱ्या सरोवराच्या टोकाचा ओढा दगडांवरून ओलांडला की सरळ उभा चढ सुरू होतो. दोन ते तीन तास लागतात. वरून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि चो ओयू अशी आठ हजार मीटरच्या वरची चार शिखरे एका ठिकाणाहून दिसतात, आणि खाली सरोवर व गाव. एव्हरेस्टवर सूर्योदयापेक्षा सूर्यास्ताचा प्रकाश चांगला पडतो, परंतु संध्याकाळी चढल्यास अंधारात उतरावे लागते, हे लक्षात घेऊन निवड करावी.

केव्हा जावे, काय न्यावे

सरोवरांचा रंग पाहायचा असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध उत्तम. मार्च-एप्रिलमध्येही चालायला हवामान चांगले असते, पण तेव्हा पाणी बरेचसे गोठलेले सापडते. पावसाळ्यात ढगांमुळे लुक्लाची विमाने रखडतात. हिवाळ्यात वाट बंद नसते, मात्र बरेच लॉज बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरही निर्धोक असतात असे मानू नये. नोव्हेंबर 1995 मध्ये अवेळी झालेल्या प्रचंड बर्फवृष्टीनंतर पांगा येथे हिमस्खलनात जपानी भटके आणि त्यांचे नेपाळी सोबती दगावले. जोराचा बर्फ पडला की लॉजमालक जेथे थांबायला सांगेल तेथे थांबावे.

कपड्यांविषयी फार लिहीत नाही; तीन थर, चांगली कानटोपी, दोन जोड हातमोजे, अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा आणि घरी निदान दोन महिने वापरून मऊ केलेले बूट. झोपेची पिशवी उणे दहा अंशांची तरी असावी. रात्री पाण्याची बाटली आणि फोन पिशवीत घेऊन झोपावे, नाहीतर सकाळी बाटलीत बर्फ आणि फोन मेलेला. जेवणघरातल्या शेगडीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात आणि ती संध्याकाळी काही तासच पेटते. खोल्यांत ऊब नसते. डाळभात दोनदा वाढतात, त्यामुळे पैशांच्या दृष्टीनेही तोच बरा. मांस खालून दिवसेंदिवस पाठीवर वाहून आलेले असते, ते टाळावे. ज्या लॉजमध्ये झोपायचे तेथेच जेवावे, हा येथला रिवाज आहे, कारण खोलीचे भाडे नावापुरते असते आणि मालकाची कमाई जेवणावर होते.

वाटेवर याक किंवा झोपक्यो (याक आणि गाय यांचा संकर) समोरून आले की डोंगराच्या बाजूला उभे राहावे. दरीच्या बाजूला उभ्या माणसाला ओझ्याचा धक्का लागून तो खाली जाऊ शकतो. मंत्र कोरलेले दगड आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. उद्यानाच्या प्रवेशशुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते. नामचेनंतर एटीएम नाही, म्हणून नेपाळी रोकड तेथेच भरून घ्यावी. प्रवास विम्यात दोन ओळी शोधाव्यात : किमान 5,500 मीटरपर्यंतचे चालणे आणि हेलिकॉप्टरने सुटका. त्या नसतील तर तो विमा येथे निरुपयोगी आहे. पोर्टरला देण्याचे ओझे निघण्यापूर्वी काट्यावर तोलावे आणि त्याच्याजवळ उबदार कपडे व बूट आहेत ना, हे स्वतः पाहावे. उंचीचा त्रास त्यालाही होतो आणि तो सांगायला आपल्या मित्राहूनही जास्त संकोचतो.

परतताना दोन दिवसांत नामचे गाठता येते. आलो त्याच वाटेने न जाता दरीच्या पूर्व काठाने, 'ना' नावाच्या वस्तीवरून फोर्त्से गावाला यावे. वाट अरुंद व उघडी आहे, पण माणसे थोडी भेटतात आणि 3,840 मीटरवरच्या फोर्त्सेत त्या रात्री गाढ झोप लागते. लुक्लाच्या विमानासाठी दोन दिवस राखीव ठेवावेत, कारण ढग आले की धावपट्टी बंद होते. गर्दीच्या मोसमात विमाने काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात आणि तेथून काठमांडूपर्यंत रस्त्याने चार-पाच तास लागतात. मुंबई-पुण्याचे परतीचे तिकीट काढताना हे सगळे धरावे, म्हणजे माछेर्मोची दुसरी रात्र वाचवण्याची वेळ कोणावर येणार नाही.